न उकळलेलं पाणी

—वास येतोय ना? येणारच. बदामाचाच आहे, तुमच्या नाकाला नाही कळायचा तर कुणाच्या, उभा जन्म भिंगारच्या भट्टीपुढे गेला तुमचा. केकमध्ये अर्क घालता ना, अगदी तोच वास. पण फक्रुद्दीनभाई, ह्या मायक्रोवेव्हच्या पेटीत केक कधी झालेला नाही. एकदासुद्धा नाही. ह्यांनी तुम्हाला काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे — घरात वापरलीय, चांगली चालते, मुलगी आता नको म्हणते म्हणून काढतोय. मलाही बजावून गेलेत, लिंबाच्या पाण्यानं पुसून ठेव, वासाचं विचारलंच तर केक केला होता म्हण. पुसली मी. पुन्हापुन्हा पुसली. वास जात नाही. आणि केक केला होता हे काही माझ्या तोंडून निघत नाही बघा. चातुर्मास चालू आहे म्हणून नव्हे, एरवीही निघालं नसतं. चातुर्मासात जरा जास्तच निघत नाही इतकंच. बसा ना, उभ्याउभ्या काय, ती खुर्ची घ्या. किमतीचं तुमचं ह्यांचं ठरलंय, त्यात मी पडत नाही — पण तुम्ही ह्यात पॅटिस गरम करून गिऱ्हाइकाला देणार, लेकरं खाणार, तर आधी ऐकून घ्या आणि मग न्या. जरा हळू बोलते हं मी, गैर मानू नका. दीपा आत आहे, मधल्या खोलीत. झोपली नसेल. ती झोपत नाही, पडून असते.

तर तो वास तिच्या रसायनाचा. लांबलचक नाव आहे, मला म्हणायला जमत नाही. वास बदामाचा आणि बाटलीवर चित्र कवटीचं. मी एकदा म्हटलं, अगं, इतका गोड वास आणि ही कवटी कशाला? तर म्हणाली, आई, वासावर जाऊ नकोस, वास घ्यायचा आणि लांब व्हायचं.

दीपा रसायनशास्त्राची, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या मेहरीनला बारावीला शिकवायला यायची ना घरी — तीच. पंच्याण्णवला एम.एस्सी. झाली, नगरला कॉलेजात शिकवायला लागली आणि त्याच्या जोडीला पीएच.डी.चं काम. विषय काय, तर ही पेटी. म्हणजे पेटी नव्हे, पेटीत वस्तू तापतात त्या कशा आणि तापताना त्यांचं काय काय होतं. मी म्हटलं, बाई गं, तापतात त्या तापतात, त्यात डॉक्टर काय व्हायचं? हसली नुसती. कॉलेजात तेव्हा अशी पेटी नव्हती. मग ह्यांनीच — हो, आज जे विकायला निघालेत त्यांनीच — पुण्याहून आणली. आणली कशी ते विचारा. टेम्पोवाल्यावर भरवसा नाही, एसटीच्या टपावर टाकायला जीव होईना, तर शिवाजीनगरपासून नगरपर्यंत मांडीवर. अख्खी वाट. कंडक्टर म्हणाला, काका, टीव्ही का? तर हे म्हणाले, नाही, मुलीचा प्रयोग आहे. शिरूरला सगळी गाडी चहाला उतरली, हे उतरले नाहीत. घरी आले तेव्हा पाय सरळ होईनात, मी तेल चोळतेय आणि हे हसतायत. मिलिटरीच्या हापिसात जन्मभर फायली उचलल्या, पण एवढं जपून काही उचललं नव्हतं म्हणाले. आणि आज बघा. तुम्ही येणार म्हटल्यावर पिशवी घेऊन बाजारात निघून गेले. भाजी संपलीय म्हणे. भाजी आहे घरात, भरपूर आहे. पेटी दाराबाहेर जाताना बघवायची नाही, दुसरं काही नाही.

मी तेव्हा एकच अट घातली होती, माझ्या स्वयंपाकघरात नको. माझं कारण माझ्यापाशी. ज्यात अग्नी नाही त्यात शिजलेलं देवापुढे कसं ठेवायचं? भटजींना विचारलं, तर ते बराच वेळ पंचांग चाळल्यासारखं करून म्हणाले, वहिनी, ह्याचा उल्लेख कुठे सापडत नाही. आता कसा सापडेल! आणि दीपाचं कारण वेगळंच. ती म्हणाली, ज्यात रसायनं तापवायची त्यात खायची वस्तू कध्धी ठेवायची नाही, नाहीतर माणसं मरतील. म्हणाली, आई, आपलं दोघींचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. म्हणून ती ही मागची खोली. न्हाणीघराच्या शेजारची. इथे पेटी, ते स्टॅबिलायझर — लाईट आपली वरखाली होते ना, म्हणून — आणि ती बसायची स्टुलावर, घड्याळाकडे बघत.

खाल्लं त्यातलं, नाही असं नाही. पहिल्याच दिवशी, पेटी कोरी होती तेव्हा. आणि तेही प्रयोगासाठीच. म्हणाली, तुझे उडदाचे पापड दे. मी म्हटलं, तळून देते. तर नाही, कच्चेच हवेत. आतली फिरती तबकडी काढली आणि पापडच पापड पसरले, वाळत घातल्यासारखे. लावलं बटण. तुम्हाला सांगते, काही पापड टरारून फुलले आणि त्यांच्या शेजारचे तस्से कच्चे! एकाच पापडाला इकडे फोड आणि तिकडे काहीच नाही. मला वाटलं पेटी बिघडलेली निघाली, ह्यांचे तर डोळेच पांढरे झाले. पण ही टाळ्या वाजवतेय. म्हणाली, आत लाटा असतात, त्यांचा कुठे जोर असतो, कुठे नसतो, आणि प्रत्येक पेटीचं हे वेगळं. बघून बघून तिनं कागदावर नकाशा काढला ह्या पेटीच्या पोटाचा. नंतर ते पापड आम्ही चहाबरोबर खाल्ले, कलाबाईला पण दिले शेजारी. तेव्हापासून ह्या पेटीचा स्वभाव दीपाला पाठ. कोणतं भांडं कुठे ठेवायचं, किती वेळ. म्हणून दुसरी पेटी आणून चालत नाही बघा. दुसरी आणली की तिचा स्वभाव निराळा, मग मागचं काम पुढच्याशी जुळत नाही, सगळं पहिल्यापासून. सर म्हणतात तिचे, थोडंच राहिलंय, हे एवढं झालं की बांधायला द्यायचा प्रबंध. म्हणजे तुम्ही ही पेटी नेलीत की — असो. ते तुम्ही कशाला बघायचं. तुम्ही आपले गिऱ्हाईक.

पाणी देऊ का? नको? बरं.

तुमची भट्टी आधी स्वतः तापते, मग पाव तापतो. बाहेरून आत, असंच ना? ह्यात तसं नाही. पेटी गारच राहते. वस्तू आपली आपण तापते. आणि तीही सगळी नाही. पाणी तापतं, तेल फारसं नाही. काच तर लाटांना वाटच सोडून देते, आणि धातूचं भांडं त्यांना परत फेकतं. त्याचं एक मोजमाप असतं, दीपा रोज तेच मोजायची. कुठल्या वस्तूत लाट किती शिरते आणि त्यातली किती तिथेच जिरते, उष्णता होऊन. त्या जिरण्याला त्यांच्या पुस्तकात नुकसान म्हणतात म्हणे. ज्या वस्तूचं नुकसान जास्त, ती जास्त तापते. मी म्हटलं, हे बाकी बरोबर लिहिलंय कुणीतरी. ती म्हणाली, कुणी लिहिलं नाही आई, ते असतंच तसं. मुलतानी मातीसारखी माती यायची तिची, त्यात ही बदामाच्या वासाची औषधं खलायची — माझ्याच जुन्या खलात, तो मी देऊन टाकला तिला — आणि ते कोरडंच पेटीत ठेवायची. कॉलेजात म्हणे तेच दिवसभर उकळत ठेवावं लागतं, वरून गार पाण्याची नळी लावून. इथे दूध ऊन होईल एवढ्या वेळात काम झालेलं. बाहेर काढलं की पिवळंधम्मक. मला हाक मारायची, आई, बघ, झालं! मी पुरण वाटता वाटता हात तसेच घेऊन यायची. मला काय कळतंय त्यातलं, पण तिचं तोंड बघायला यायची.

आता तोंडाचा विषय निघालाच. तुम्ही आल्या आल्या ती आत गेली, पाहिलंत ना? पदर असा इथून घेऊन. गालाला नाही लागलेलं. हनुवटीखाली, मान आणि हा उजवा हात मनगटापासून. तुमच्या हातावरही डाग आहेत की भट्टीचे, दिसतात मला. पण ते तुमच्या कामाचे. तिचं तसं नाही. तिचं पाणी होतं. साधं पाणी.

कसं म्हणजे? ह्यांनी सांगितलं नाही? बरोबर आहे, सांगणार नाहीत.

आमच्यात श्रावणात शीतळासप्तमी असते, आम्ही शिळासप्तमी म्हणतो. आदल्या दिवशी सगळा स्वयंपाक करून ठेवायचा, शेगडी घासूनपुसून तिला हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी घरात काही पेटवायचं नाही. शिळं खायचं, गार खायचं. लेकराबाळांना ताप, गोवर, कांजिण्या काही येऊ नये, शीतळाआईनं घरावर गारवा धरावा म्हणून. तुमच्या शरिफाभाभी नाही का दर्ग्यात धागा बांधून येतात, तसंच. मनातल्या हेतूला तुम्ही नियत म्हणता, मग नियतच ती. मी लग्न होऊन आल्यापासून करतेय, सासूबाईंनी हातात दिलेलं व्रत. तर ह्या वर्षी नेमका त्या दिवशी मलाच ताप. घसा असा धरलेला की थुंकी गिळवेना. आणि खायला काय, तर गार दहीभात. हे पेन्शनच्या कामाला नगरला गेलेले. दीपाला सुट्टी. सकाळपासून माझ्या उशाशी बसून. म्हणाली, घोटभर गरम पाणी तरी घे. मी म्हटलं, आज नाही. ती म्हणाली, तुझं व्रत शेगडीचं ना? शेगडीला हातसुद्धा लावत नाही मी. माझ्या पेटीत आग कुठे असते? पाणी आपलं आपण तापतं त्यात. मी म्हटलं, ऊन ते ऊनच, बाई. तर म्हणते कशी, आजीनं तुला काय सांगितलं होतं ते शब्दाशब्दानं सांग. मी सांगितलं, त्या म्हणायच्या, आज घरात जाळ नको. — मग जाळ नाहीच! म्हणाली आणि उठली. वकील व्हायची ती चुकून रसायनाकडे गेली. मला हसू आलं आणि हसताना खोकला आला, आणि त्या हसण्याला ती हो समजली. मी हो म्हटलं नव्हतं. नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं, तसं पाहिलं तर. घसा फार दुखत होता फक्रुद्दीनभाई. गरम पाणी मिळालं तर बरं, असं वाटत होतंच की.

ह्या पेटीत खायची वस्तू ठेवायची नाही हा तिचाच नियम. तो तिनंच मोडला, आईसाठी. आतून पेटी पुसली, मला ते फडकं पिळल्याचं ऐकू येत होतं. भांडं काढलं ते नवं कोरं. खोक्यातलं, काचेचं, रसायन कधी न लागलेलं. आईच्या पोटात काही जायला नको म्हणून. आणि तिथेच — बघा, हे तिनंच मला पूर्वी कधीतरी सांगितलेलं आहे, म्हणून मला कळतं. जुन्या भांड्याला आतून बारीक ओरखडे असतात. नवी काच गुळगुळीत. तिच्यात बुडबुड्याला पाय टेकायला जागा नसते. मग पाणी उकळायच्या पुढे जातं आणि उकळत नाही. गप्प बसून राहतं. बघणाऱ्याला वाटतं अजून तापलंच नाही. त्यासाठी ती प्रयोगाला बसली की पाण्यात चिनीमातीच्या कपच्या टाकायची, माझ्याच फुटक्या कपबशीच्या. त्यांना धरून बुडबुडे येतात, मग पाणी शहाण्यासारखं उकळतं. तिच्या त्या प्रबंधात ह्याच्यावर अख्खं प्रकरण आहे. कॉलेजातल्या पोरांना हेच शिकवायची, ओरडून ओरडून, कपची टाकल्याशिवाय पेटी लावायची नाही.

पण माझ्यासाठी पाणी तापवताना ती प्रयोग करत नव्हती ना. माझ्यासाठी पाणी तापवत होती.

एकदा काढून बघितलं, उकळलेलं दिसेना. परत ठेवलं. मग फडक्यात धरून घेऊन आली इथवर, ह्या उंबऱ्यापाशी. मला कॉटवरून दिसत होती. सुंठपूड आणि साखर वाटीत तयार होती. चमचाभर घातली असेल नसेल, सगळं पाणी एकदम उठलं. भांड्यात थेंब राहिला नाही. आवाज झाला तो कसा सांगू — गच्चीवरून ओलं जाजम खाली टाकावं तसा. ती ओरडली नाही. मला आधी वाटलं, सुंठ सांडली. इतकंच वाटलं, की सुंठ सांडली आता पुसावी लागेल. ती तशीच उभी, हात असा पुढे धरलेला, आणि मला म्हणते, आई, कपची टाकली नाही मी. एवढंच. रडणं नाही, काही नाही. आई, कपची टाकली नाही.

मग काय. मी उठले, कशी उठले मला ठाऊक नाही. माठातलं सगळं पाणी तिच्या अंगावर ओतलं. कलाबाई धावून आली, रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गार पाणी ओतलंत ते चांगलं केलंत. आता बरंय. पट्ट्या निघाल्या. कातडी नवी येतेय, गुलाबी, जरा ओढल्यासारखी.

कलाबाई काय म्हणाली सांगू? दवाखान्यातच म्हणाली, जयमाला, देवीच्या दिवशी ऊन केलंस, देवीनं लगेच दाखवलं. आता ती काही वाईट नाही, मनात येतं ते बोलून टाकते. पण मला क्षणभरसुद्धा तसं वाटलं नाही. जिला गारव्याची आई म्हणायचं, ती माझ्या लेकीला भाजेल? मनानं देवीच्या पायाशी बसूनच मी दवाखान्यात दिवस काढले. माझं तिच्याशी काही वाकडं नाही.

मग हे असे झाले. नेवाशाची मंडळी दीपाला बघायला यायची होती, त्यांनी आधी पुढे ढकललं, मग निरोपच यायचे थांबले. ह्यांनी मग एक दिवस सांगून टाकलं, ही पेटी घरातून गेली पाहिजे. माझ्यावर रागावले नाहीत, तिच्यावर नाहीत. पेटीवर. म्हणजे खरं तर मांडीवर घेऊन आणणाऱ्यावर — ते मला कळतं, पण बोलायचं कसं? आणि दीपाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, जाऊ दे. ज्या आवाजात भात वाढू का म्हटलं की वाढ म्हणते ना, त्याच आवाजात. जाऊ दे. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पूर्वी काय भांडायची ह्यांच्याशी! एकदा स्टॅबिलायझरची पिन ह्यांनी काढून रेडिओला लावली म्हणून दोन वेळचं जेवली नव्हती. आता सरांचा निरोप आला, कधी येतेस म्हणून, तर ऐकून घेतला आणि कूस बदलली.

माझंही तेच आहे, तुम्हाला म्हणून सांगते. मी रडलेले नाही. गणपती आले, गेले, मोदक केले, लोक म्हणाले छान झालेत. असतील. मला चव लागली नाही. आरती झाली की ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावतो ना आपण — तुम्ही नाही, आम्ही — तर तिथे ऊबच लागत नाही बोटांना. माझं आपलं चालू आहे सगळं, उपास, पोथी, दिवा. हात करतात. नवरात्र आलंय तोंडावर, घट बसतील. बसवीन.

दीपा एकदा बर्फाचं सांगत होती. म्हणाली, आई, गंमत बघ, पाणी इतकं भराभर तापतं ह्या पेटीत, पण त्याच पाण्याचा बर्फ झाला की लाटा त्याला फारसं काही करू शकत नाहीत. आतले कण जागच्या जागी घट्ट धरलेले असतात, त्यांना वळताच येत नाही. मी म्हटलं, मग वितळत नाही का कधी? म्हणाली, वितळतो ना. कुठेतरी कोपऱ्यात एक थेंब सुटतो. मग तो थेंब तापतो आणि तिथून पुढे सगळं धावतं. हे आता मला सारखं आठवतं. घरात तिघं आहोत आम्ही, आणि — जाऊ द्या. तुम्ही म्हणाल, बाई पेटी दाखवायची सोडून काय सांगत बसली.

काय? व्रताला मी काय मागितलं होतं? अहो, ते सांगत नाहीत. सांगितलं की फळ जातं म्हणतात. तुमच्यातही मन्नत सांगत नाहीत ना? शरिफाभाभींनी कधी तुम्हाला सांगितलीय? मग. — नाही, नेवाशाच्या स्थळासाठी नव्हतं. सगळ्यांना तेच वाटतं. ह्यांना वाटतं, कलाबाईला वाटतं. आणि दीपाला तर खात्रीच आहे, कारण मी दर सोमवारी बेल वाहते तेव्हा ती हळूच म्हणायची, मागा मागा, जावई मागा. मी हसून सोडून द्यायची. तिला वाटायचं मला ही पेटी नकोय. स्वयंपाकघरात येऊ दिली नाही, सोवळ्यात असले की ह्या खोलीच्या दारातून वळते, वास आला की नाकाला पदर. ते सगळं खरं. पण मनात काय आहे ते मी तिला कधी सांगितलंच नाही, सांगायचं नसतं म्हणून.

ती जेव्हा पिवळी पूड घेऊन यायची ना, आई, झालं म्हणत — असं तोंड मी तिचं लहानपणीसुद्धा पाहिलं नव्हतं. मी सातवीतून निघाले शाळेतून. का निघाले वगैरे काही नाही, तेव्हा निघायच्याच मुली. पण मला गणित यायचं. बरं यायचं. तर मी शीतळाआईला म्हटलं होतं, लग्नाचं तू बघशीलच ते होईल तेव्हा होईल. हिच्या नावापुढे ते डॉक्टर लागू दे. हिचं काम ह्या पेटीत पुरं होऊ दे. हेच म्हटलं होतं. ह्याच वर्षी नाही, तिनं काम सुरू केलं तेव्हापासून दर वर्षी हेच. ताप अंगात असताना, दहीभात पुढे ठेवून, त्या दिवशी सकाळीही हेच म्हणत होते आणि ती उशाशी बसलेली होती.

सांगून टाकलं बघा. तुम्हाला. घरच्या माणसाला नाही, गिऱ्हाइकाला. फळ जायचं तर जाऊ दे आता. मनात धरून ठेवून तरी काय झालं? ती आत भिंतीकडे तोंड करून पडलीय आणि तिला वाटतंय, आईच्या मनासारखं झालं, पेटी चालली.

नाही, आता हळू नाही बोलायची मी. ऐकू दे. ऐकायलाच पाहिजे तिनं. मला ही पेटी घरात हवी होती! स्वयंपाकघरात नको होती, पण घरात हवी होती! पहिल्यापासून!

काय म्हणालात? — पॅटिसला नको तर राहू दे, पण ह्यांना, तुमच्या काकासाहेबांना, शब्द दिलाय, नेऊन ठेवतो दुकानाच्या माडीवर? समजते मला, तुमचा स्वभाव. शब्द मोडवत नाही तुम्हाला. पण माडीवर ठेवून कुणाचं काय — अहो, उचलू नका. फक्रुद्दीनभाई, खाली ठेवा. ठेवा म्हणते ना. वायर सोडा ती. हं. असं. थोडी इकडे, ती होती तिथेच, भिंतीपासून वीतभर लांब ठेवायची असते तिला, ती तशीच ठेवायची.

त्यांना काय सांगू म्हणजे? सांगा, वहिनींनी दिली नाही. आधी त्यांना खरंच वाटणार नाही. इतक्या वर्षांत ह्या घरात मी कशाला नाही म्हटलेलं त्यांनी ऐकलेलं नाही, ते तुम्हालाच म्हणतील, मियाँ, चेष्टा करताय का. तरी सांगा. बाजारात भेटतीलच, त्या भाजीच्या गाडीवाल्याजवळ उभे असतील, पिशवी रिकामी धरून. म्हणावं, भाजी आणू नका, घरात आहे. चिडतील. चिडू देत, माझ्यावर चिडतील, मी आहे इथे. तुमच्या घरी सलाम सांगा. मेहरीनला म्हणावं, दीपाताईकडे येत जा — नाही, तेही नको, आत्ता काही नको. या तुम्ही. चपला त्या कोपऱ्यात सरकल्यात बघा. दार ओढून — नको, राहू दे उघडं. जा ना लवकर. बोलू नका. आत कॉट वाजली, मला ऐकू आली. उठली ती. जा तुम्ही, जा.